हबशी घराण्यांतील राजस्त्रिया : खुलताबादची बीबी करीमा ते जंजिऱ्याच्या कुलसुम बेगम

छत्रपती संभाजीनगरास राहणाऱ्या मनुष्यास मलिक अंबराची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. ज्या गावात तो राहतो ते खडकी ह्या नावाने अंबरानेच १६१० साली वसविले. पुढे अंबराचा पुत्र फत्तेखान ह्याने त्यास फतेहनगर म्हटले, १६५३ साली औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले, व २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नावे पालटली, तरी डोंगरातील पाणी खापरी नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही अंबराच्याच नावाने ओळखली जाते.

आम्ही शिक्षकी पेशात असता विद्यार्थ्यांस घेऊन खुलताबादेस वारंवार जात असू. एका खेपेस अंबराची कबर दाखवून झाल्यावर एका मुलाने जवळच्या लहान इमारतीकडे बोट दाखवून ती कोणाची म्हणून विचारले. आम्ही उत्तर दिले, "त्याच्या बायकोची." मुलाने पुन्हा विचारले, "तिचे नाव काय, गुरुजी?" त्या क्षणी आम्हांस ते आठवले नाही. ते नाव बीबी करीमा. पाणिनीची सूत्रे मुखोद्गत असणाऱ्या व शिलालेखांचे ठसे घेत हिंडणाऱ्या मनुष्यास, ज्या कबरीसमोर तो दहा वेळा उभा राहिला तिच्यातील स्त्रीचे नाव सांगता येऊ नये, हे वैगुण्य आमचे एकट्याचे नसून आपल्या सर्वांच्या अभ्यासाचे आहे, असे पुढे विचार करिता वाटू लागले. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रश्नात आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. हबश हे अबिसीनियाचे अरबी नाव, त्यावरून हबशी. सिद्दी हा शब्द अरबी सय्यिदी, म्हणजे 'माझे स्वामी', ह्यापासून आला असे मानितात. आफ्रिकेतून बहुधा दास म्हणून आणिलेल्या लोकांच्या वंशजांस स्वामिवाचक नाव मिळावे, हा इतिहासाचा विनोदच होय. जंजिरा हा तर अरबी 'जझीरा', बेट, ह्याचाच आपल्या जिभेवर झालेला पालट. सारांश, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या ह्या लोकांनी दख्खनेत दोन ठिकाणी खरी सत्ता गाजविली : भूमीवर मलिक अंबराने, व समुद्रात जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी. ह्या दोहोंच्या इतिहासात स्त्रियांचा राज्यकारभाराशी कोणता संबंध आला, हा आमचा विषय आहे.

अंबराच्या चरित्रापासून आरंभ करावा. इ. स. १५४८ च्या सुमारास हबशाणात जन्मलेला हा पुरुष बाजारांतून विकला जात अखेर अहमदनगरास पोहोचला, व तेथील पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याच्या पदरी राहिला. चंगीझखान १५७४-७५ च्या सुमारास मरण पावला. त्यानंतर अंबरास दास्यातून मुक्त केले ते चंगीझखानाच्या विधवेने, असे इतिहासकार सांगतात. ही गोष्ट सामान्यतः एका वाक्यात उरकली जाते. परंतु दासमुक्ती हे घरातील दयेचे कृत्य नव्हे. ज्याचे फळ व्यवहारात व दरबारात सर्वांस मान्य व्हावयाचे असे ते स्वामित्वाचे कृत्य होय. मलिक अंबर स्वतंत्र पुरुष म्हणून इतिहासात उतरला तो एका स्त्रीच्या अधिकाराने. इतक्या मोठ्या घटनेच्या कर्त्रीस आपण 'चंगीझखानाची पत्नी' एवढ्याच संज्ञेने ओळखितो.

दुसरी स्त्री अंबराची कन्या. ती मुर्तजा निजामशहा (दुसरा) ह्यास दिली होती. १६१७ साली अंबराच्या छावणीस भेट देणारा डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके ह्याने असे लिहून ठेविले आहे की, सुलतानाच्या इराणी बेगमेने ह्या हबशी राणीस दासी म्हणून हिणविले, अंबरासही दुरुत्तरे केली, आणि ते ऐकून अंबराने सुलतान व ती बेगम ह्या दोघांस विषप्रयोग करविला. सुलतानाचा मृत्यू १६१० सालचा, म्हणजे ब्रुके हा ऐकीव गोष्ट सात वर्षांनी सांगतो, हे ध्यानात ठेविले पाहिजे. विषप्रयोगाचे तो म्हणतो ते कारण खरे की राज्यावरील हुकमतीची चढाओढ खरी, हा वाद बाजूस ठेवू. तथापि अंबराच्या कन्येचा राजवाड्यातील मान हा राजकारणाचा विषय होता, असे त्या काळच्या लोकांस वाटे, एवढे त्यावरून निश्चित होते. तीही आपणांस भेटते ती 'अंबराची कन्या' म्हणून.

तिसरी बीबी करीमा. तिचे नाव राहिले, कारण तिची कबर राहिली. १६२६ साली ऐंशीच्या घरात असता अंबर वारला. खुलताबादेस जर जरी जर बक्ष ह्यांच्या दर्ग्याच्या बाजूस त्याची कबर आहे, व नजीकच करीमेची. ह्या तिघींच्या वृत्तान्तातून एक नियम हाती लागतो. राजस्त्रीने केलेले कार्य कितीही मोठे असो, तिचे नाव मागे राहते ते एखादा पदार्थ तिच्या नावाने उभा असेल तरच. तो पदार्थ दगड असेल, शिक्का असेल, किंवा कागद असेल.

अंबराची सत्ता त्याच्या मागे फार टिकली नाही. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती गेले व फत्तेखानाचे राजकारण संपले. हबशांचे जे राज्य पुढे तीन शतके राहिले ते राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या जलदुर्गाचे. शिवछत्रपतींनी जवळच पद्मदुर्ग उभारिला, संभाजी महाराजांनी मोहीम केली, पेशव्यांनी प्रयत्न केले. जंजिरा हाती आला नाही. श्रीवर्धनचे भट घराणे, ज्यातून बाळाजी विश्वनाथ पेशवा निघाला, ते ह्याच सिद्द्यांच्या मुलखातील वतनदार होते, हे वाचकांस सांगावयास नको. इंग्रजी अमलात हा मुलूख अकरा तोफांच्या सलामीचे संस्थान म्हणून राहिला. मुख्य मुलखाचे क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल, राजधानी मुरूड, काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद हा वेगळा तुकडा, आणि मुख्य मुलखातील प्रजा बहुतांशी मराठी बोलणारी. ह्या मुलखास लोक हबसाण म्हणत.

जंजिऱ्याच्या गादीची एक विशेष गोष्ट आमच्या विषयास अत्यंत उपयोगी आहे. आरंभीच्या काळात तेथे पित्यामागे पुत्र असा वारसा नव्हता. प्रमुख मेला म्हणजे आरमारातील त्याच्या खालचा वजनदार सरदार त्याच्या जागी येई. किल्ला व आरमार राखावयाचे असल्याने ही चाल पडली असावी. वंशाचा हक्क तेथे हळूहळू दृढ झाला. १७९१ साली बाळूमिया नावाच्या वारसास जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात सुरतेजवळचा सचीनचा मुलूख मिळाला, ह्यावरून तोपर्यंत वंशाच्या दाव्यास किंमत आली होती असे दिसते. एकोणिसाव्या शतकात पुत्रवारसा स्थिर झाला. आता पाहा : जेथे पुत्र वारस नाही, तेथे अल्पवयी राजा संभवत नाही, जेथे अल्पवयी राजा नाही, तेथे त्याच्या वतीने राज्य करणारी राजमाताही संभवत नाही. जंजिऱ्याच्या जुन्या इतिहासात राज्यकर्ती स्त्री आढळत नाही ह्याचे कारण पडद्यात शोधण्यापेक्षा वारशाच्या ह्या चालीत शोधावे, असे आमचे मत आहे.

सिद्दी अहमदखान ह्यांचा जन्म १८६२ सालचा. ते १८७९ साली गादीवर आले, व त्यांची कारकीर्द १९२२ पर्यंत चालली. त्यांच्या बेगमांपैकी दोघींचा येथे विचार कर्तव्य आहे.

पहिल्या नाजली बेगम. ह्या जन्माने हबशी नव्हेत. मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील सुविद्य फैजी घराण्यातील ह्या कन्या, व प्रसिद्ध अतिया फैजी ह्यांच्या वडील भगिनी. १९०८ साली नवाब, नाजली बेगम व अतिया ह्यांनी यूरोप व तुर्कस्तानचा प्रवास केला. ह्या प्रवासाचा वृत्तान्त नाजली बेगमांनी उर्दूत लिहिला व तो 'सैर-ए-यूरोप' ह्या नावाने लाहोरास छापला गेला. एका संस्थानिकाच्या राणीने परदेशची राजधानी, दरबार, शाळा व दुकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून स्वतःच्या नावाने छापावीत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शिबली नोमानींची अतिया व जोहरा ह्या दोन भगिनींस लिहिलेली पत्रे छापलेली आहेत. कवी इक्बाल ह्यांची पत्रे अतियांनी १९४७ साली मुंबईस प्रसिद्ध केली. मुरूडचा राजवाडा ह्या बहिणींमुळे उर्दू वाङ्मयाच्या इतिहासात शिरला. परंतु नाजली बेगमांस अपत्य नव्हते, आणि पुढे हा विवाह मोडला. १९४८ साली त्या भगिनीसह कराचीस गेल्या. त्यांचे कार्य मोठे खरे, पण ते व्यक्तीचे होते. गादीचा अधिकार त्यांच्या हाती आला नाही.

दुसऱ्या कुलसुम बेगम. त्यांचे पुत्र सिद्दी महंमदखान ह्यांचा जन्म १९१४ सालचा. २ मे १९२२ रोजी अहमदखान निवर्तले तेव्हा गादीचा धनी अवघा आठ वर्षांचा होता. राज्याचा कारभार कुलसुम बेगमांकडे रीजंट म्हणून आला, आणि ९ नोव्हेंबर १९३३ रोजी पुत्रास अधिकार मिळेपर्यंत, म्हणजे साडेअकरा वर्षे, तो त्यांच्या नावाने चालला. चंगीझखानाच्या विधवेपासून ह्या दिवसापर्यंत साडेतीन शतके होऊन गेली होती. दख्खनेतील हबशी सत्तेच्या इतिहासात एका स्त्रीच्या नावापुढे राज्याधिकाराचे पद उघडपणे लिहिले गेले ते येथे.

येथे एका लोकप्रिय तर्काचा विचार केला पाहिजे. ही सिद्द्यांची आफ्रिकी परंपरा होय, तिकडे राजमातेस मोठा मान असतो, तोच संस्कार जंजिऱ्यास उतरला, असे काही रसिक गृहस्थ आम्हांस सांगतात. तिकडे राजमातेस मान असतो हे सत्यच आहे. एस्वातिनी, पूर्वीचे स्वाझीलंड, येथे राजमातेस न्द्लोवुकाती, म्हणजे हत्तीण, अशी पदवी आहे. हे पद राजाच्या अज्ञानावर अवलंबून नाही. राजा प्रौढ असला तरी राजमाता राज्याची दुसरी धुरा म्हणून असतेच. लाबोत्सिबेनी ह्या तेथील राजमातेने १८९९ साली तान्ह्या नातवासाठी कारभार हाती घेतला, गोऱ्यांच्या हाती गेलेली भूमी परत विकत घेण्यासाठी प्रजेकडून निधी जमविला, नातवास शिक्षण देविले, व डिसेंबर १९२१ मध्ये राज्य त्याच्या स्वाधीन केले. म्हणजे तिकडे एक राजमाता कारभारातून मोकळी झाली आणि काही महिन्यांनी इकडे मुरूडास दुसरीचा कारभार सुरू झाला. त्याच देशात १९८३ ते १९८६ पर्यंत न्तफोम्बी ह्या राजमातेने पुत्राच्या अज्ञानकाळात राज्य चालविले. पश्चिम आफ्रिकेतील अशांती लोकांत राजमातेचे स्वतंत्र आसन असते, व नवा राजा सुचविण्याचा अधिकार तिचा. त्यांच्यातील एजिसू येथील राजमाता या असांतेवा हिने १९०० साली इंग्रजांशी युद्ध केले. खास हबशाणात पाहावे तर अठराव्या शतकात मेंतेवाब हिने पुत्राच्या व पुढे नातवाच्या काळात राज्य चालविले, आणि जौदितू ही १९१६ पासून १९३० पर्यंत स्वतःच्या हक्काने सम्राज्ञी होती.

ही साम्ये मनोहर आहेत, परंतु साम्य म्हणजे संबंध नव्हे. एस्वातिनी व अशांती येथील चाली सिद्द्यांच्या पूर्वजांच्या म्हणता येत नाहीत. ते प्रदेश हबशाणापासून फार दूर. राहिले हबशाण. तेथील चाल येथे उतरली असती तर ती जुन्या काळात अधिक स्पष्ट व अलीकडे पुसट दिसावयास पाहिजे. जंजिऱ्यास नेमके उलट आहे : जुन्या काळात राज्यकर्ती राजमाता नाही, व ती दिसते ती विसाव्या शतकात, पुत्रवारसा स्थिर झाल्यावर. शिवाय पुत्र सज्ञान होताच अधिकार संपला. आफ्रिकेतील राजमातेचे पद आपल्या पायावर उभे आहे. जंजिऱ्याचे पद पुत्राच्या वयावर उभे होते. तस्मात् ही आयात परंपरा नव्हे.

मग तिचे मूळ कोठे? आमच्या मते ते ह्याच भूमीत आहे. दख्खनेच्या इतिहासात अज्ञान राजाच्या वतीने मातेने किंवा आप्त स्त्रीने राज्य करण्याची मालिका फार जुनी आहे. नाणेघाटाच्या लेखातील सातवाहन राणी नागनिका हिला बहुत विद्वान ह्याच वर्गात धरितात. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा पुणे येथील ताम्रपट तर ह्या विषयातील आदर्श पुरावा होय : युवराज दिवाकरसेनाची माता म्हणून ती नंदिवर्धनाहून स्वतःच्या नावे दान देते, आणि वंशावळ देताना आरंभ करिते ती माहेरच्या गुप्त कुळापासून. पुढे विजापुरास व अहमदनगरास चांदबीबी. तिच्या विजापुरातील कारभारात इखलासखानासारखे हबशी सरदार प्रमुख होते, म्हणजे हबशांनी स्त्रीचा राज्यकारभार दख्खनी दरबारात पाहिला होता. त्यानंतर १७०० सालापासून महाराणी ताराबाई. कुलसुम बेगमांचे स्थान ह्या पंक्तीत आहे.

समकालीन घटनाही हेच सांगतात. १९२२ सालीच कूचबिहारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिरा ह्या पुत्रासाठी रीजंट झाल्या; १९२४ ते १९३१ त्रावणकोरास सेतु लक्ष्मीबाईंनी कारभार केला, जरी तेथे मातृवंशीय चालीमुळे राणीचे पद मूळचेच स्वतंत्र होते; भोपाळास तर सुलतान जहान बेगम १९०१ पासून १९२६ पर्यंत स्वतः गादीवर होत्या. सार्वभौम इंग्रज सरकारने अज्ञान राजाच्या राज्याची व्यवस्था कोणाच्या हाती द्यावी हे ठरवावयाचे, आणि तीत त्या दशकात राजस्त्रियांस अनेक ठिकाणी अवकाश मिळाला, असे ह्यावरून दिसते. त्या अधिकारास वरून मर्यादा होती हेही त्याबरोबर कबूल केले पाहिजे. संस्थानी रीजंट ही ताराबाई नव्हे. तिच्या हाती सैन्य व परराज्याशी तह नव्हते.

स्तुतिपाठ हा संशोधकाचा धर्म नव्हे. संस्थानी राज्यात प्रजेचे हक्क थोडे होते, व जंजिऱ्याच्या प्रजेने १९४८ च्या आरंभी त्याविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी मार्चात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या पुत्रासाठी साडेअकरा वर्षे गादी राखिली, त्याच्याच हयातीत ती गेली. परंतु राज्य गेले म्हणून राज्यकर्तीचा काळ अभ्यासास अपात्र होत नाही. ताम्रपटातील वाकाटकही गेलेच आहेत.

आता संग्राहक बंधूंस दोन शब्द. आपण मोडी रुमाल मिळविताना शिवकालीन व पेशवेकालीन कागद जपून घेतो, आणि १९२० नंतरचे छापील व टंकलिखित कागद 'अलीकडचे' म्हणून रद्दीत टाकितो. आम्ही स्वतः एका व्यापाऱ्याच्या दुकानी बसून असे गठ्ठे बाजूस सारिले आहेत, हे सांगावयास लाज वाटते. १९२२ ते १९३३ मधील हबसाणचा एखादा हुकूम, सनद, शाळेचे किंवा देवस्थानच्या नेमणुकीचे पत्र, मुद्रांकित कागदावरील खरेदीखत कोणाच्या संग्रही असेल, तर त्यावर हुकूम कोणाच्या नावे सुटला, शिक्का कोणाचा, सही कोणत्या लिपीत, एवढे तरी टिपून ठेवावे. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर असे कागद असणे संभवनीय आहे, आणि कोकणातील पावसाळा कोणासाठी थांबत नाही. प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट पंधराशेहून अधिक वर्षे टिकला, कारण तो तांब्याचा होता. कुलसुम बेगमांचे हुकूम कागदाचे आहेत.

चंगीझखानाच्या विधवेचे नाव आपल्या पूर्वजांनी लिहून ठेविले नाही, त्यास आपला इलाज नाही. जे नाव लिहिले गेले, ते आपल्या डोळ्यांदेखत वाळवीने खाल्ले तर तो दोष मात्र आपल्या पदरी पडेल. खुलताबादेस जाणाऱ्या वाचकांनी अंबराच्या कबरीनंतर त्या लहान इमारतीपाशीही क्षणभर उभे राहावे, आणि बरोबर कोणी मूल असल्यास, त्याने विचारण्याची वाट न पाहता, नाव सांगावे : बीबी करीमा.